चौकटीला हात

आमचे शेजारी बेने इस्रायली. मामलेदार कचेरीत कारकून. पण पनवेलच्या वाचनालयाची सहल निघाली की गाईड तेच. त्यांच्या दाराच्या चौकटीला धर्मवचनाची छोटी डबी ठोकलेली होती. जाता-येता ते तिला बोटं लावत आणि ती बोटं ओठांना टेकवत.

त्या रविवारी सहल कल्याणला गेली. जुन्या शहरात, पाडलेल्या वेशीच्या जागी त्यांनी आम्हाला थांबवलं.

"वेस इथं आहे असं समजा आणि तिच्यातूनच आत या. बाजूनं कुणी येऊ नका."

माझा स्वभाव मुद्दाम बाजूनं जाण्याचा. पण मोकळ्या रस्त्यावर मीही निमूट रांगेतून आत गेलो.

दुपारी मुंबईचं म्युझियम. चित्रांच्या दालनाशी कुठल्याशा जुन्या घराची कोरीव चौकट उभी केली होती. तिच्यातून जाताना शेजाऱ्यांचा हात सवयीनं वर गेला.

"हात लावायचा नाय," शिपाई म्हणाला.

"जाता-येता घराला सांगायला नको?" त्यांनी इतक्या सरळपणे विचारलं की शिपाईच बाजूला झाला.

परतताना एसटीत माझ्या बायकोनं विचारलं, "तुमची बरीच माणसं इस्रायलला चाललीत. तुम्ही?"

"बघू, वहिनी."

पनवेलला पोचल्यावर, सहलीसाठी मागून नेलेला आमचा फिरकीचा तांब्या परत द्यायला ते घरी आले. निघताना दारात थांबले. आमच्या चौकटीवर वाळक्या तोरणाखेरीज काही नव्हतं. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी तिला कधी हात लावला नव्हता. आज लावला, बोटं ओठांना टेकवली आणि गेले.

तांब्या हातात धरून बायको म्हणाली, "जाणार हे."