उस्तादाचा डावा हात

न्हाव्याचा हात म्हटलं की लोकांना कात्रीचा उजवाच आठवतो. म्हणून अर्धांगाच्या झटक्यानं उस्तादाचा डावा हात गेला, तेव्हा गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं, "थोडक्यात निभावलं." पण कंगवा कोण धरणार? डुलक्या घेणाऱ्या गिऱ्हाइकाची मान कोण सरळ करणार?

पुढे डाव्या हाताची मूठ वळू लागली, पण वळलेली सुटेना. थेरपिस्टबाईंनी मग एक हातमोजा दिला. मनगटाला पट्टा, बोटांच्या पाठीवर स्प्रिंगा. मूठ उस्तादानं वळायची, उघडायची स्प्रिंगांनी. "करत राहा, बोटं हळूहळू स्वतःच शिकतील," बाई म्हणाल्या. घरी उस्ताद मोजा घालून दोरीवरचे चिमटे काढत-लावत बसे. बायको म्हणे, "निदान धुतलेल्या कपड्यांना तरी लावा."

दुकानात मात्र मिजास आडवी आली. "हा खेकडा चढवून मागे उभा राहिलो तर कोण बसेल खुर्चीत?" म्हणत स्वारीनं मोजा टॉवेलांखाली दडवला.

दुकान पुन्हा उघडलं त्या सकाळी खुर्चीत मेहुणा होता, म्हणजे हक्काचं डोकं. बाकावरचे बाकीचे पेपराआडून डोकावत होते. आज बिनसलं तर उद्या बाकही रिकामा, हे उस्ताद जाणून होता.

कात्री झकास चालली. मग कानामागचे केस आले. डाव्या हातानं कान दुमडला, केस कापले, आणि कान काही सुटेना. सोडायला जावं तशी मूठ जास्तच आवळे.

"भाऊजी, झालं का?"

"होतंय."

"शाळेत मास्तरांनीही इतका वेळ धरला नव्हता हो."

बाकावरचा पेंटर हळूच चपला शोधू लागला.

उस्तादानं उजव्या हातानं एकेक बोट उकलून कान मोकळा केला. कान टोमॅटोसारखा लाल. दुसरा अजून बाकी. आरशातून सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. त्यानं टॉवेलांखालून मोजा ओढला आणि पट्टा दातांनी आवळला.

"आता काय वेल्डिंग करणार?"

"गप बस. दुसरा कान दे."

कान धरला, केस कापले, बोटं सैल सोडली. स्प्रिंगांनी ती अलगद उघडली. मेहुण्यानं कान चाचपून पाहिला, जागेवर होता.

पेंटरनं घातलेल्या चपला पुन्हा काढल्या आणि मेहुणा उठताच तो खुर्चीत येऊन बसला. "उस्ताद, केस कापा, मिशीही कोरा. नाक तेवढं धरू नका."

"ते गिऱ्हाइकाच्या वागण्यावर आहे," म्हणत उस्तादानं मोज्याच्या हातानं कापड झटकलं.