बाईंच्या गाडीचा दिवा

गल्लीतल्या गॅरेजवाल्याला सगळे वैद्य म्हणत. जुन्या गाडीच्या स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडायचा, पडद्यावर बिघाडाचा कोड उमटला की भुवया आक्रसून "हं" म्हणायचं. नाडी बघणारा तरी वेगळं काय करतो? बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी बोलायला चार भिंती, आणि त्याही घुम्या.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, जिभेला हाड नसलेल्या. त्यांच्या जुनाट गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला की त्या तडक गॅरेजात येत.

"वैद्य, हिनं पुन्हा डोळे वटारले!"

"बसा बाई, बघतो."

स्कॅनर दर वेळी एकच सांगे: इंजिन फिरतंय याची खबर देणारा सेन्सर मधूनच गप्प बसतोय. तो बदलणं काही अवघड नव्हतं. पण वैद्य नुसता कोड पुसायचा. दिवा विझायचा, बाई थर्मासमधला चहा दोन कपांत ओतायच्या, त्याच्या मळक्या फडक्यावरून त्याला झापायच्या आणि घरी जायच्या. काही आठवड्यांनी दिवा पुन्हा लागायचाच. ही शुद्ध लबाडी होती आणि वैद्याला ते पक्कं ठाऊक होतं. पण एवढ्या आपुलकीने त्याला दुसरं कोण झापणार होतं?

मग एका दुपारी बाईंचा फोन आला. गाडी भर चौकात बंद पडली होती. वैद्य धावतपळत पोचला. मागचे हॉर्न कान किटवत होते आणि एरवी कुणाला न जुमानणाऱ्या बाई स्टिअरिंग घट्ट धरून बसल्या होत्या.

"मला काही सुचेनाच हो," त्या म्हणाल्या.

वैद्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी त्याने नवा सेन्सर बसवला, वायर तपासली, लांबवर फेरी मारून खात्री केली.

"आता नाही ना लागणार दिवा?"

"नाही बाई. आता काळजी मिटली."

बाई त्या विझलेल्या दिव्याकडे बघत राहिल्या. "बरं," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. वैद्य त्यांची खुर्ची रोज पुसून ठेवी. आपण होऊन त्यांच्याकडे जावं, तर निमित्त काय सांगणार? गाडी ठणठणीत होती.

पुढे एकदा गाडी आली, पण चालवत होता बाईंचा भाचा. मावशीला त्याने आपल्याकडे, दूरच्या शहरात नेलं होतं. गाडी विकायची होती, म्हणून तपासून हवी होती.

"मावशी थकली हो," स्कॅनर जोडणाऱ्या वैद्याला तो सांगू लागला. "शेजारी मला फोन करून सांगायचे. ही रोज सकाळी खाली जाऊन गाडी सुरू करायची. जायचं कुठंच नाही. 'आजही दिवा लागला नाही' म्हणत खट्टू होऊन वर यायची. आम्हाला वाटलं, हिला भ्रम झाला."

वैद्य पडद्याकडे बघत होता. त्याने पुन्हा तपासलं. मग आणखी एकदा.

"काही दोष निघतोय का?" भाच्याने विचारलं.

"नाही हो," वैद्य म्हणाला. "एकही नाही."