फायबरचा दांडा आणि देवीचा कौल

लाकूड मोडण्यापूर्वी कुरकुरते. लोखंड वाकते. ज्या पदार्थांच्या अभ्यासात माझे आयुष्य गेले, ते यांतले काहीच करीत नाहीत. काचेचे किंवा कार्बनचे तंतू राळेत भिजवून त्यांचे थर एकावर एक बसवतात. अशा वस्तूला घाव बसला, तर पृष्ठभाग पुष्कळदा तकतकीत राहतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात. असे सुटलेले थर शोधणे आणि ते किती भाराने, किती काळात वस्तूला मोडतील याचे अनुमान करणे, हा माझा व्यवसाय होता. बालपणी वडिलांनी संस्कृत पाठशाळेत घातले होते, त्यामुळे अनुमान हा शब्द मी प्रयोगशाळेच्या आधी न्यायशास्त्रात शिकलो. निवृत्तीनंतर रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा थरांची चिंता संपली असे वाटले होते. उरलेले दिवस देवीपुढे पारायणात जावेत, एवढीच इच्छा होती.

गावच्या पालखीचा सागवानी दांडा वाळवीने पोखरला होता. शिमग्यात आमच्याकडे पालखी नुसती मिरवत नाहीत. दांड्याची दोन टोके दोघांच्या खांद्यांवर आणि मध्ये देवी, अशी ती उड्या मारून नाचवतात. मुंबईच्या चाकरमान्यांनी हलका म्हणून फायबरचा नवा दांडा करवून धाडला. टेम्पोतून उतरवताना तो हातांतून निसटला आणि देवळाच्या जांभ्याच्या पायरीवर मधोमध आपटला. एकाने उपरण्याने धूळ पुसली.

"बगा, चरा पन नाय!" तो म्हणाला, आणि सगळे हसले.

मी खिशातले नाणे काढून दांड्यावर एका टोकापासून ठोकत गेलो. ही आमच्या शास्त्रातली सर्वांत साधी तपासणी. टणटणीत आवाज मध्यावर येताच बसका झाला. तळहाताएवढ्या जागेत जणू तडकलेले मडके वाजत होते. आतले थर सुटले होते, आणि पालखीचा सारा भार नेमका तिथेच येणार होता.

"काका, दांड्याची नाडी बगताय काय?" कोणीतरी विचारले.

"हो. आणि रोगी बरा नाही."

संध्याकाळी मंडपात मानकरी जमले. मी शांतपणे समजावून सांगितले. या वर्षापुरता ऐनाच्या लाकडाचा दांडा तासून घ्यावा. हा नाचवू नये. हा मोडेल तो सूचना न देता मोडेल, आणि पालखीसकट खालच्या माणसाच्या मानेवर येईल. ते पटत नसेल, तर निदान आधी रेतीची पोती टांगून तरी पाहावे.

"देवीच्या दांड्याला रेतीची पोती?" थोरले मानकरी म्हणाले. "बाटवायचा हाय काय, काका?"

"इमानं बनवतात म्हनं ह्याची," दुसरा म्हणाला. "त्यात शे-दोनशे मानसं बसतात. आमची देवी काय त्यांच्याहून जड?"

"विमान कोणी खांद्यावर घेऊन नाचवत नाही," मी म्हणालो. "आणि विमानाचा असा भाग हाती आला असता, तर आम्ही तो उडू दिला नसता."

मग थोरल्या मानकऱ्यांनी गोड आवाजात विचारले, "काका, तुमी देवीला मानता ना? रोज सकाळी असता देवळात. मग आपन तिलाच इचारू."

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर होते, पण ते त्या मंडपात चालणारे नव्हते. मनुष्याच्या इंद्रियांना आणि बुद्धीला जे कळू शकत नाही, त्यासाठी कौल असतो. जे कानांना ऐकू येते ते देवीला विचारणे, म्हणजे तिने दिलेले कान तिला परत करणे. पाठशाळेत प्रमाणांच्या, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या, मर्यादा घोटून घेतल्या होत्या त्या याचसाठी. मी हे म्हणालोही. बहुधा फार संस्कृतात म्हणालो. एक जण जांभई देत उठला आणि गुरवाला बोलवायला गेला.

देवीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या गेल्या. उजवी पडली तर दांडा नाचवायचा, डावी पडली तर नाही. गुरवाने गाऱ्हाणे घातले. मीही हात जोडून उभा होतो आणि ते ढोंग नव्हते. आयुष्यात प्रथमच मी देवीकडे माझी बाजू घे म्हणून याचना केली.

उजवी पाकळी पडली.

"काका नापास!" मागून कोणीतरी ओरडले. मी साष्टांग नमस्कार घातला आणि घरी आलो. देवीवर माझा राग नव्हता, आजही नाही. तिला काय विचारावे हे ज्यांना कळले नाही त्यांच्यावर होता, आणि तो अजून गेलेला नाही.

आमच्या घराण्याकडे पुढच्या टोकाचा मान आहे. तो खांदा माझ्या पुतण्याचा. दुसऱ्या दिवशी मी धाकट्या भावाच्या घरी गेलो. पुतण्या पडवीत आंब्याच्या पेट्यांना खिळे मारीत होता. तू खांदा देऊ नकोस, एवढेच मी त्याला सांगितले.

आतून भाऊ तडक बाहेर आला. "दादा, पिढ्यांचा मान तू एका नाण्याच्या आवाजावर सोडायला सांगतोस? नोकरीपायी तू जन्मभर बाहेर राहिलास, मान आम्ही राखला."

पुतण्याने हातोडी खाली ठेवली. तो माझा लाडका. मला दुखवायचे त्याच्या मनात नव्हते.

"काका, मी नाही धरला तर वरच्या वाडीतला कोणीतरी धरीलच. मग त्याच्या मानेवर मोडलेला चालेल तुम्हाला?"

शास्त्राने मला दांड्याविषयी सारे शिकवले होते. खांद्याविषयी काही नाही.

दांडा मोडला नाही. पुतण्या सहाणेवर, पालखी टेकवायच्या चौथऱ्यापाशी, असा नाचला की म्हातारेही उभे राहिले. लोक मध्येच माझ्याकडे वळून पाहत होते. मी डोळे मिटले, तर त्यांना वाटले काका खजील झाले. पुढल्या वर्षीही तो मोडला नाही, त्याच्या पुढल्या वर्षीही नाही. प्रत्येक उडीबरोबर आतले सुटलेले थर कणभर आणखी सुटत जातात, हे मी कोणाला सांगणार? ज्या वर्षी तो तगतो, त्या वर्षी तो अधिक दुबळा झालेला असतो. आणि गाव म्हणते, बघा, आणखी एक वर्ष टिकला. माझ्या शास्त्रात जी झीज, तीच त्यांच्या लेखी साक्ष.

यंदा भावाने निरोप धाडला. "दादाला म्हणावं, शिमग्याला देवळाकडे येऊ नको. तू उभा असलास की पोराचं लक्ष विचलित होतं, आणि लोक अपशकुन म्हणतात." ज्या देवीच्या पायाशी शेवटचे दिवस काढायला मी आलो, तिच्या उत्सवात मला जागा उरली नाही.

म्हणून यंदा मी माझ्याच ओटीवर पोथी घेऊन बसलो. खालच्या वाडीतून ढोल ऐकू येत होता. जोवर तो वाजत होता तोवर मी वाचत होतो. पाने उलटत होती, अर्थ मात्र मनात शिरत नव्हता. मोडावा असे मला कधीच वाटले नाही. मोडला तर ज्ञान खरे ठरेल आणि पुतण्या जाईल. न मोडला तर पुतण्या राहील आणि मी खोटा. देवीने मला खोटेच ठेवावे, एवढे एकच मागणे आता मी रोज मागतो. ज्याने जन्मभर आपले अनुमान खरे ठरावे म्हणून रक्त आटवले, त्याने म्हातारपणी हे मागावे.

एकाएकी ढोल थांबला.

पालखी कोणाच्या दारी ओटी भरायला थांबली असेल, हे मला ठाऊक होते. दर वर्षी थांबते. तरी मी पोथी बाजूला ठेवून उठलो आणि खांबाला धरून उभा राहिलो. कोणी धावत येत नव्हते. कोणाचा आक्रोश नव्हता. समोरच्या घरातली सून अंगणात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि पदर सावरून आत गेली.

ढोल पुन्हा सुरू झाला. मी खाली बसलो, पोथी उघडली, आणि कुठवर वाचले होते ते काही केल्या सापडेना.