डावीकडच्या सीटवरची सुमनआत्या

कुणाच्याही दारात नवी गाडी आली की माझी सुमनआत्या पेढा घ्यायच्या आधी गाडीत जाऊन बसायची. पुढे, डावीकडच्या सीटवर. दार लावून घ्यायची, चष्मा काढून मांडीवर ठेवायची, डोळे मिटायची आणि हात हळूहळू पुढे, बाजूला, खाली असा फिरवायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई गाडीला आशीर्वाद देतायत. ती पाणी शोधत असायची. म्हणजे पाण्याची बाटली ठेवायची जागा. मग रुमालाची, मग गोळ्यांच्या डबीची. हाताला जागा सापडली तर ती उतरून पेढा खायची. नाही सापडली तर पेढा खायची आणि बोलायचीही.

माझी इलेक्ट्रिक गाडी वारज्याच्या आमच्या सोसायटीत आली तेव्हा चाकांखालची लिंबं नीट चिरडलीही नव्हती, तोवर आत्या आत बसली होती. तिचा फ्लॅट समोरच्याच इमारतीत. काचेबाहेर मी, माझी बायको मधुरा आणि पेढ्यांचं ताट. बराच वेळ तिचा हात आत चाचपडत होता. शेवटी ती उतरली.

"गाडी छान आहे रे विन्या," ती म्हणाली. "माणसांची सोय नंतर येणार आहे का?"

मी या गाडीची परीक्षणं वर्षभर वाचत, ऐकत, बघत होतो. हिंजवडीला जाताना कंपनीच्या बसमध्ये शेजारच्याला झोप लागेपर्यंत मी बॅटरीबद्दल बोलायचो. काही जण तर त्यासाठीच माझ्याशेजारी बसायचे. आणि आत्यानं तिचा निकाल डोळे मिटून लावला.

डोळे मिटून काम करणं हा तिचा धंदाच होता म्हणा ना. कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत तिचा टायपिंगचा क्लास होता. पुण्यातल्या कितीतरी कचेऱ्यांतले हात तिनं घडवले. मुलांची बोटं यंत्रावर ठेवायची आणि त्यांवर एक हिरवं कापड टाकायचं, ही तिची पद्धत. कापडाखाली ए एस डी एफ चालू. कुणी कापडाची कड उचलून डोकावलं की ती म्हणायची, "बघावं लागलं म्हणजे चुकलं." आवाज चढवायची नाही. चढवला असता तर बरं, असं तिचे विद्यार्थी सांगतात.

टाइपरायटर गेले, क्लास बंद झाला, पण वाक्य चालूच राहिलं. मीठ कुठे, साखर कुठे, किल्ली कुठे, हे तिच्या हाताला पाठ होतं. वीज गेली की आम्ही मोबाइलचा दिवा लावण्यासाठी मोबाइल शोधत असायचो आणि ती चहाचे कप पुढे करायची. "आलं जरा कमी पडलंय," असंही वर म्हणायची.

तर सोय. आत्याचा शब्द मनाला लागला होता आणि मी मोबाइलवर खरेदीला बसलो. शोभेच्या बाटलीतलं अत्तर आलं. मानेखालची उशी आली. रंग बदलणारी दिव्यांची पट्टी आली. रजईएवढ्या जाडीच्या मॅट आल्या. डॅशबोर्डवर कागदी रुमालांची चामडी पेटी आली. बटण दाबलं की झाकण अलगद उघडणारा केराचा छोटा डबा आला, त्याचं झाकण तर मी पाहुण्यांना उघडून दाखवायचो.

"अहो," मधुरा म्हणाली, "गाडीत आता आपण बसायचं कुठे, तेवढं मागवायचं राहिलं."

त्याच सुमारास वाईहून, म्हणजे आत्याच्या माहेरहून, निमंत्रण आलं. आत्याची थोरली बहीण, आमची ताईआत्या, हिचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं. हजार पौर्णिमा बघितलेल्या बाईला ओवाळायचं, हजार वाती लावायच्या. ताईआत्याला आता घराबाहेर पडवत नव्हतं, आणि सुमनआत्या वाईला जाऊन युगं लोटली होती. कारण तिला गाडी लागायची. साधी नाही, भयंकर. मागच्या खेपेला कुणा नातलगाच्या कोऱ्या गाडीत खंबाटकी घाटात जे झालं, त्यावर त्या घरातले लोक लग्नकार्यात विनोद करायचे. आत्या त्यांच्याबरोबर हसली होती, आणि त्यानंतर कुणाच्याही गाडीत बसून गावाबाहेर म्हणून गेली नव्हती. उभ्या गाडीत बसून परीक्षा तेवढी घ्यायची.

"मला कुठे जमतंय," ती म्हणाली. "वाती देते तुमच्याबरोबर."

पण वाती वळताना तिचा चेहरा मी बघत होतो. टीव्हीकडे नजर, खाली बोटं आपली आपण कापूस ओढतायत, पीळ देतायत. "घरात सगळे म्हणत होते, हिला शिवण शिकवा," ती मध्येच म्हणाली. "ताई एकटी म्हणाली, टायपिंग. सासरहून येऊन बसली आणि मला क्लासात घालूनच परत गेली." मग टीव्हीचा आवाज मोठा केला. त्यावर जाहिरात चालू होती.

मी लगेच म्हटलं, "आत्या, ही इलेक्ट्रिक गाडी. धूर नाही, आवाज नाही, हादरे नाहीत. तुला काही होणारच नाही. चांदणी चौकापर्यंत जाऊन तर बघू."

ती मधुराकडे बघून म्हणाली, "याच्या बोलण्यानंच मळमळतंय." पण आली.

या गाडीचं एक वैशिष्ट्य असं, की पायाचा दाब काढला की ती स्वतःच मंदावते आणि त्यातून बॅटरी थोडी भरून घेते. मी ते मंदावणं सगळ्यात जोरात ठेवलं होतं, फुकटची वीज सोडायची कशाला! त्यामुळे चालवणाऱ्याला धन्य वाटायचं आणि शेजारी बसणारा दर वळणाला समोरच्या काचेला नमस्कार करायचा. त्यात अत्तराचा घमघमाट, त्यात समोर मोठ्या पडद्यावर गरगर फिरणारा नकाशा. चांदणी चौक दिसू लागला तेव्हा आत्यानं डोळे मिटले आणि हात पुढे केला. हाताला रुमालांची पेटी लागली, अत्तराची बाटली लागली, मानेची उशी लागली. केराचा डबाही लागला. बटण मात्र लागलं नाही.

माझी ऑफिसची बॅग तिच्या पायाशी उघडी होती. लॅपटॉप नशिबानं मागच्या कप्प्यात होता. जेवणाचा डबा पुढच्या.

तोंड पुसून झाल्यावर आत्या म्हणाली, "बटण बघावं लागलं." वाक्याचा उरलेला भाग तिनं म्हटला नाही, त्यावरून मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. घरी पोचल्यावर जिन्यापाशी म्हणाली, "वाती नीट बांधून देते. ताईला सांग, गुडघा दुखतोय."

मी बॅग धुवायला निघालो. आत्याला थांबवलं ते मधुरानं. "आत्या, तुमच्या क्लासात पहिल्याच दिवशी कुणाला यायचं का हो?"

"पहिल्या दिवशी? छे."

"मग?"

आत्या दोन पायऱ्या चढली, थांबली. वळून मला म्हणाली, "उद्या सकाळी गाडी रिकामी करून ठेव. सगळी."

सकाळी ती चष्मा न लावता आली. अत्तर पहिलं गेलं, तेही तिनं नाक धरून, दोन बोटांच्या चिमटीत बाहेर काढलं. दिव्यांची पट्टी निघाली. "लग्नाची वरात आहे का?" मॅट उचलल्या तर चालकाच्या पायाखालची सरकून पॅडलपर्यंत आलेली. त्यावर तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि गाडीबरोबर आलेल्या, खाली आकड्यात अडकणाऱ्या पातळ मॅट परत घालायला लावल्या. सीटला जाड कव्हर घालायचा बेत तेवढा मी आधीच रद्द केला होता, कारण बाजूची एअरबॅग सीटमध्येच असते आणि कव्हरनं ती अडते. हे मी तिला सांगितलं.

"वा," ती म्हणाली, "एक तरी कामाचं वाचलंस."

मग तिनं पिशवीतून आपला माल काढला. जुन्या सुती साडीची, खणाखणांची एक पिशवी तिनंच शिवली होती. ती डावीकडे, हात पडेल तिथे टांगली. वरच्या खणात पाण्याची छोटी बाटली, मग रुमाल, मग आवळासुपारीची डबी, आणि सगळ्यात खाली, तोंड कायम उघडं राहील अशा बेतानं, कागदी पिशव्या. "याला बटण नाही," ती म्हणाली. डोक्यामागे टेकायला सुती रुमाल. तिच्या बाजूच्या काचेला उन्हासाठी जाळीचा पडदा. डिकीत चार्जिंगची वायर गडगडायची, तिला एक घट्ट पिशवी मिळाली. आणि शेवटी तिनं ते हिरवं कापड काढलं. क्लासातलं. मोठ्या पडद्यावर ते टाकलं आणि वर दोन चिमटे लावले.

"अगं आत्या, त्यात सगळं आहे! एसी, नकाशा, बॅटरी..."

"वेग कुठे दिसतो?"

"तो माझ्यासमोर. वेगळा."

"मग झालं. वाईचा रस्ता तुझ्या बापाला माहीत होता, तुलाही आहे. बाकीचं शीक."

आणि मग भर सकाळी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, केस पांढरे व्हायला लागलेला मी उभ्या गाडीत डोळे मिटून बसलो आणि आत्या शेजारून सांगत होती. "वायपर." मी इंडिकेटर दिला. "काच एक बोटभर खाली." मी मागची काच खाली केली. "आवाज कमी." मी हॉर्न वाजवला. वॉचमन धावत आला, गाडीत डोळे मिटलेला मी आणि माझ्यावर वाकलेली आत्या बघून म्हणाला, "साहेबांना काय होतंय?"

"शिकतायत," आत्या म्हणाली. "पुन्हा. वायपर."

रोज सकाळी हा क्लास. मी एकदा कापडाची कड उचलली तर हातावर चापट बसली. या वयात चापट बसली म्हणून रागवावं की या वयात चापट मारणारं कुणी आहे म्हणून बरं वाटून घ्यावं, हे ठरेना. मधुरानं तेवढ्यात गाडीबरोबरचं पुस्तक शांतपणे वाचून ते मंदावणं अगदी हलकं करून टाकलं. हे मला का सुचलं नाही? कारण मी पुस्तक सोडून सगळं वाचलं होतं.

निघायच्या सकाळी आत्या मोरपंखी साडी नेसून आली. वातींचा डबा तिनं मधुराकडे दिला नाही, मांडीवर घेतला. कात्रजपर्यंत ठीक होतं. शिरवळला मी विचारलं, "बरी आहेस ना?" तर म्हणाली, "विचारू नकोस. आठवण होते." पुढे घाट लागला तशी तिनं डोळे मिटले. मागून मधुरानं माझ्या सीटची पाठ धरली. मी पाय इतका हळू दाबत आणि सोडत होतो की मागच्या ट्रकवाल्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या असतील. एका वळणावर आत्याचा हात उठला. हात पिशवीकडे गेला, वरच्या खणाला लागला, खाली आला, थांबला. डबी उघडल्याचा आवाज आला. आवळासुपारी.

"काच. एक बोट," ती म्हणाली.

काच एक बोटभर खाली गेली. तिच्याच बाजूची. मी रस्त्यावरून नजर हलवली नव्हती.

"हं," आत्या म्हणाली. तिच्या क्लासातलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक होतं, असं मी नंतर ऐकलं.

घाट संपता संपता ती एकदम म्हणाली, "थांबव." मी मनातल्या मनात हात जोडले. चहाच्या टपऱ्यांपाशी जागा बघून गाडी बाजूला घेतली. ती दार उघडून उतरली, मी कागदी पिशवी घेऊन मागे धावलो. तर आत्या कठड्यापाशी उभी राहून चष्मा पुसत होती. तिनं तो लावला. खाली वळणं वळणं, त्यांवरून हळूहळू चढणारे ट्रक, पलीकडे डोंगर.

"माहेरचा रस्ता माझा," ती म्हणाली. "जन्मभर या घाटातून गेले. बघते आहे पहिल्यांदा."

मी पिशवी पाठीमागे लपवली.

"हे मात्र बघायचंच होतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ती पिशवी घडी घालून ठेव. परत येताना लागेल कदाचित. तू चालवणार आहेस."

वाईला ताईआत्यानं दारात तिला बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "कशात?" म्हणजे कुठल्या गाडीत आलीस असं नव्हे. सुमनआत्याला बरोबर कळलं. "कशातच नाही," ती म्हणाली, "कोरडी आले." आणि दोघी एकमेकींचे हात धरून इतक्या हसल्या की ओवाळायला उभ्या राहिलेल्या बायकांना निरांजनं खाली ठेवावी लागली. वाती तिनं स्वतः लावल्या. डोळे उघडे ठेवून.

त्यानंतर आत्या डावीकडच्या सीटवर बसून बरीच हिंडली. भोर, सासवड, पुन्हा वाई, ताईआत्या गेली तेव्हाही वाई. मग एका दुपारी, वाटी नेहमीच्या जागी ठेवून, खुर्चीत टेकली ती तशीच. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल. तिला न कळता काही झालं असेल यावर माझा विश्वास नाही. पण सोय मात्र तिनं बघून ठेवली असणार.

पिशवी अजून गाडीत आहे. आवळासुपारी मी भरतो, खात कुणीच नाही. हिरवं कापड कागदी पिशव्यांच्या खणात, घडी घालून.

परवा हिंजवडीत आमच्या ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्यानं नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली. पेढे घेऊन सगळे खाली पार्किंगमध्ये. मी काही ठरवलं नव्हतं. डावीकडे जाऊन बसलो, दार लावलं, चष्मा काढला, डोळे मिटले. अत्तराचा घमघमाट होता. हात पुढे केला तर काहीतरी मऊ लागलं, काहीतरी लुकलुकणारं असावं असं गरम लागलं, आणि मग एक गुळगुळीत झाकण.

"सर, त्याला बटण आहे," तो खिडकीतून कौतुकानं म्हणाला. "बघा ना, साइडला आहे."

मी उतरलो आणि पेढा घेतला.

"गाडी छान आहे," मी म्हणालो. "माणसांची सोय नंतर येणार आहे का?"

त्याचा चेहरा पडला, अगदी माझा पडला होता तसाच. मी दुसरा पेढा घेतला.