मागची सीट

सुधाकर माझा जुना मित्र. निवृत्तीनंतर तो आमच्याच गल्लीत राहायला आला. रोज सकाळी मी वाचनालयात जायला निघालो की त्याची स्कूटर फाटकाशी उभी असे. "बस मागे," एवढंच तो म्हणे. मला खरं तर चालायला आवडतं, तरी मी बसत असे, एखादी गाडी अंगावर आली की मागून ओरडत असे आणि वाटभर त्याच्या पाठीकडे संशयाने पाहत असे. शत्रूला काय हवंय ते निदान ठाऊक असतं; मित्राच्या बाबतीत अंदाज बांधत बसावं लागतं. शिवाय रोज त्याच्या मागे बसून बसून मी त्याच्या मतांनाही मान डोलवू लागलो होतो.

शेवटी एकदा चौकात मी विचारलंच, "सुधाकर, खरं सांग, तुला माझ्याकडून हवंय तरी काय?"

त्याने स्कूटर कडेला घेतली. मग म्हणाला, "डोळे. उजवीकडचं मला नीट दिसत नाही रे. तू मागून ओरडतोस, म्हणून धीर येतो."

मी खाली उतरलो. माझा संशय खरा ठरला होता, तरी राग येईना. स्कूटर ढकलत आम्ही दोघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे चालत गेलो. इतका प्रामाणिक मित्र मला दुसरा नाही. त्याच्या मागे मात्र मी पुन्हा कधी बसलो नाही.