काटा चढायला हवा होता

बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्यात मी नोकरीला लागले, तिथे अमोनियाच्या टाक्या बनत. बर्फाच्या कारखान्यांना, मासळीच्या शीतगृहांना त्या लागत. अमोनिया डोळ्यांत गेला तर डोळे जातात, छातीत गेला तर माणूस जातो. म्हणून प्रत्येक टाकी बाहेर पडण्याआधी ती कुठे गळत नाही ना, हे बघावं लागे. ते काम माझं. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मिरजेहून डिप्लोमा करून आलेली मी त्या शेडमधली एकुलती एक बाई होते.

टाकीत आधी पाणी भरून दाब द्यायचा, मग ते काढून हवा भरायची. हवेच्या चाचणीला टाकीभोवती दोरी बांधत. टाकी फुटली तर जवळ कुणी नको, म्हणून दोरीच्या आत कुणी यायचं नाही. मी दोरीबाहेर लोखंडी स्टुलावर बसून दर अर्ध्या तासाला दाबाच्या गेजचा काटा आणि थर्मामीटर वाचून वहीत लिहायची. दिवसचे दिवस असे जात. संध्याकाळी बस पकडून मल्लेश्वरमच्या खोलीवर जायचं, भात टाकायचा. कधीकधी कुकर लावताना लक्षात येई, की आज सकाळपासून आपण आकडे सोडून काही बोललोच नाही.

अपवाद एकच, आमचे सर्वांत जुने वेल्डर. साठीला आलेले, बारीक चणीचे. त्यांचं घराणं तीन-चार पिढ्या बेंगळुरातच, पण घरात मराठी. ती मराठी माझ्या मराठीसारखी नव्हती, तिच्यात कन्नड मिसळलेलं असे. "अक्का, स्वल्प बसा की. जेवण झालं? सरी, मग हे घ्या," म्हणून डब्यातली चटणी माझ्या झाकणात वाढायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणायची. दुपारची ती वीस मिनिटं ते त्यांच्या नातीबद्दल बोलत, मी मिरजेबद्दल. त्या वीस मिनिटांवर माझा आठवडा निघायचा.

त्या दिवशीची टाकी मंगळूरकडच्या एका बर्फाच्या कारखान्याची होती. पाण्याच्या चाचणीत पास झालेली. सकाळी नऊला हवा भरून व्हॉल्व्ह बंद केला. दोन वाजता सुपरवायझर आले, गेजकडे बघून खूश झाले.

"काटा जिथल्या तिथे आहे. उद्या लॉरी बोलावतो."

मी वही पुढे केली. "सर, सकाळी चोवीस डिग्री होती. आता पत्रा तापलाय, एकतीस आहे. आतली हवा तापली तर काटा थोडा चढायला हवा होता. चढला नाही, म्हणजे हवा कुठूनतरी जातेय."

त्यांनी वही दोनदा वाचली. "मग शोध," एवढंच म्हणाले आणि ऑफिसात गेले.

दाब ठरल्याइतका खाली आणला, दोरी सोडली आणि साबणाचं पाणी घेऊन मी एकेक सांध्यावर ब्रश फिरवू लागले. वरच्या सांध्यांवर एकही बुडबुडा आला नाही. शेवटी टाकीखाली उताणी झाले. तळाला जिथे पाइप जोडलेला असतो, तिथल्या सांध्यावर खसखशीएवढे बुडबुडे आले. पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा आले, एकामागून एक, अगदी संथ. सांध्याशेजारी वेल्डरचा नंबर ठोकलेला होता. अण्णांचा.

अण्णा वीस पावलांवर दुसऱ्या टाकीवर काम करत होते. मी खडूने त्या जागेभोवती गोल काढला, बाहेर आले, आणि त्यांच्यावरून तशीच पुढे ऑफिसात जाऊन सुपरवायझरांना बोलावून आणलं. पाठोपाठ पाचसहा जण गोळा झाले. अण्णाही आले. टाकीखाली वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग सरळ झाले, हातमोजे काढले आणि नळावर हात धुवायला गेले.

दुरुस्ती दुसऱ्या वेल्डरने केली. पाण्याची नि हवेची चाचणी पुन्हा झाली आणि टाकी चार दिवस उशिरा गेली. अण्णांना नियमाप्रमाणे वेल्डिंगची परीक्षा पुन्हा द्यावी लागली. ते नापास झाले. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन स्टोअरमध्ये गेले. "नमस्कार मॅडम," ते कन्नडमध्ये म्हणाले, "काय हवंय?" मी म्हटलं, काही नको. ते मान हलवून खिळ्यांचे पुडे मोजू लागले. तो महिना मी दोरीजवळच्या स्टुलावरच जेवले.

शेवटी एका रविवारी पत्ता काढून पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, त्यांच्या घरी गेले. जिना चढताना परत फिरावंसं वाटलं. त्यांच्या बायकोने दार उघडलं, आत बसवलं, कॉफी दिली. अण्णा समोर येऊन बसले. मी म्हटलं, "अण्णा, मला लिहावंच लागणार होतं. तो वायू आहे, कुणाचा जीव गेला असता."

"लिवलंत ते बरोबरच केलंत," ते मराठीत म्हणाले. "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ते मला तुमच्या आधी ठाऊक होतं. मीच सांगायला पायजे होतं, सांगितलं नाही. ती चूक माझी." मग म्हणाले, "पण तुम्ही माझ्यावरून गेलात, अक्का. वीस पावलं. आधी मला हाक मारली असती, तर मी स्वतः जाऊन सायबाला सांगितलं असतं."

मला उत्तर ठाऊक होतं. आधी त्यांना सांगितलं असतं आणि त्यांनी 'लिहू नका' म्हटलं असतं, तर मला नाही म्हणता आलं नसतं. सबंध शहरात माझ्याशी जेवताना बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांना घाबरले नव्हते, स्वतःला घाबरले होते. हे सगळं मी त्यांना, अडखळत का होईना, सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे मी तसं म्हणालो असतो, असं तुम्हाला वाटलं," ते म्हणाले.

निघाले तेव्हा ते बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. बसच्या कपाळावरचं कन्नड मला वाचता येत नव्हतं आणि त्यांना ते दिसत नव्हतं. तीन बसेस आम्ही दोघांनी नुसत्याच बघितल्या. चौथीच्या कंडक्टरला त्यांनी ओरडून विचारलं आणि मला आत चढवलं.

पुढे त्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, जाड चष्मा लागला, आणि निवृत्त होईपर्यंत ते स्टोअरमध्येच राहिले. समोर आले की माझ्याशी मराठीत बोलत, मिरजेची खुशाली विचारत. जेवायला मात्र ते स्टोअरमध्येच बसत आणि मी शेडमध्ये. बोलावलं असतं तर कदाचित आले असते. मी कधी बोलावलं नाही, आणि दोन वर्षांनी ती नोकरी सोडली.