एकाच नंबरच्या सात मुली

संख्याशास्त्र शिकवते म्हणून प्रवेशाच्या आकड्यांचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. आता नाही म्हणायचाही कंटाळा येतो.

गेल्या वर्षी प्राचार्यांना शंका आली, की काही जण दोन-दोन अर्ज भरून बीएस्सीच्या यादीत जागा अडवतात. मी मोबाइल नंबर जुळवले. एकच नंबर पुन्हा दिसला की पहिला अर्ज ठेवला, बाकीचे उडवले. यादी सुटसुटीत झाली. बैठकीत माझं कौतुक झालं आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

प्रवेश संपल्यावर राजूरची एक मुलगी अर्जाची प्रत घेऊन आली. शेवटचा प्रवेश मिळालेल्यापेक्षा तिचे मार्क जास्त होते, तरी यादीत नाव नव्हतं. मी शोधलं, तर ती उडवलेल्यांत सापडली. त्याच नंबरवर राजूरच्या सात मुली होत्या. पहिली तेवढी राहिली होती. गावात फॉर्म भरून देणारं एकच दुकान, आणि ओटीपी जल्दी यावा म्हणून दुकानदार सगळ्यांना स्वतःचाच नंबर टाकतो, असं तिनं सांगितलं. तिच्या अब्बांचा फोन दिवसभर त्यांच्याजवळच असतो.

मी उलट तिलाच नियम समजावत बसले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, नंबर दुकानवाल्याचा हाय. पण मार्क तर माझेच हायत ना?"

मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, जागा भरल्या, आता कुणाला उठवायचं? तिनं शेवटी आर्ट्सला नाव घातलं. उरलेल्या पाच जणींना निदान कळवावं म्हटलं, तर माझ्याकडे नंबर तो एकच. लावला. दुकानदार वैतागून म्हणाला, "रोज इतके लोक येऊन राह्यले मॅडम, कोणाकोणाला ध्यानात ठेवू?" त्या पाच जणी पुढे कुठे गेल्या, मला माहीत नाही.

यंदा मी नंबर जुळवत नाही. एकेक अर्ज नाव, जन्मतारीख, आईचं नाव बघत वाचते. डोळे चुरचुरतात, काम संपत नाही, आणि प्राचार्य विचारतात, गेल्या वर्षी तर दोन दिवसांत झालं होतं. ती मुलगी व्हरांड्यात भेटली की हसून नमस्ते करते. तिनं एकदा भांडावं असं मला फार वाटतं.

गेल्या वर्षीचा अहवाल अजून कपाटात आहे. त्यात लिहिलंय, 'बनावट अर्ज वगळले.' खाली सही माझी आहे.